आधी गाडी की आधी गाऱ्हाणं?

पत्र थोडक्यात : सिंधुदुर्गातल्या एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या बाईंचं हे पत्र. भातकापणीच्या दिवसांत ढासळलेल्या गडग्याचे (दगडी कुंपणाचे) चिरे रचताना त्यांच्या सासऱ्यांना, अण्णांना, बोटाला फुरसं हा विषारी साप चावला. घरच्यांनी आधी माणूस गुरवाकडे, देवळाच्या पुजाऱ्याकडे धाडला. गुरव शेतात होता. तो आला, गाऱ्हाणं (देवापुढची विनवणी) झालं, दोनदा डावा (नकाराचा) आणि तिसऱ्या खेपेला उजवा (होकाराचा) कौल मिळाला, तोवर पाऊण तास गेला. मग रिक्षा. ग्रामीण रुग्णालयात रक्त तपासलं तर ते गोठत नव्हतं. सर्पदंशावरची लस सुरू झाली. पुढे जिल्हा रुग्णालयात सहा दिवस काढून अण्णा स्वतःच्या पायांनी घरी आले. सासूबाई म्हणतात, "देवान राखल्यान." त्या रात्री त्यांनी नवस बोलला होता : येत्या जत्रेत सुनेच्या हातून देवीची ओटी. नवरा म्हणतो, दोन्ही खरं आहे, वाद कशाला. नववीतली एक मुलगी विचारते, "बाई, तुमी पण नवस फेडतलात?" आणि पत्राच्या शेवटी बाई लिहितात, की वॉर्डाबाहेर बसल्या असताना त्यांचेही हात आपोआप जोडले गेले होते. 'मी ढोंगी आहे का? ओटी भरू की नको?'

उत्तर

प्रिय बाई,

तुमच्या पत्रात 'ढोंगी' हा शब्द चार वेळा आला आहे आणि 'पाऊण तास' एकदाच, तोही कंसात. माझं उत्तर त्या कंसापासून सुरू होतं.

पण आधी नळीबद्दल. तुम्ही लिहिलंय की सिस्टरने अण्णांचं थोडं रक्त काचेच्या नळीत काढलं, नळी स्टॅण्डला लावली आणि ती दुसऱ्या कामाला गेली, तेव्हा 'इथे माणूस जातोय आणि ही नळी ठेवून जाते' म्हणून तुमचा संताप झाला. मी निवृत्त होईपर्यंत कोकणातल्याच एका ग्रामीण रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत होते. अशा नळीकडे बघत मी कितीतरी संध्याकाळी काढल्यात. दोन मिलिलिटर रक्त. नळी काचेची, नवी, कोरडी. प्लास्टिकची चालत नाही, कारण रक्ताला नळीत वेळेत गोठायला काचेचा स्पर्श लागतो. साबणाने धुतलेलीही चालत नाही. वीस मिनिटं तिला कुणी हात लावायचा नाही, मग एकदाच हलक्या हाताने आडवी करायची. गुठळी तळाशी धरून राहिली तर ठीक. रक्त पाण्यासारखं वाहत काठाकडे आलं, तर समजायचं की विष अंगात भिनलंय. गोठण्यासाठी लागणारा सगळा माल विषाने आधीच संपवलाय, आता हिरड्यांतून, लघवीतून, कुठूनही रक्त जाऊ शकतं. त्या वीस मिनिटांत सिस्टर वेळ घालवत नव्हती. ती प्रश्न विचारून उत्तराची वाट बघत होती.

म्हणजे बघा, त्या संध्याकाळी तुमच्या घराने दोनदा प्रश्न टाकला आणि दोनदा वाट पाहिली. एकदा देवळात, देवाच्या पाषाणाला कौलासाठी लावलेला कळा (कळी) कुठल्या बाजूने पडतो याची. एकदा रुग्णालयात, रक्त थांबतं की वाहतं याची. दोन्हीकडे माणसं तितकीच घाबरलेली, तितकीच गप्प. फरक कुठे होता? देवळात डावा आला तर पुन्हा विचारायचं हे आधीच ठरलेलं होतं. तिसऱ्यांदाही डावा आला असता, तर चौथ्यांदा विचारलं असतं. रुग्णालयात मात्र नळी जे सांगेल ते ऐकणं भाग होतं. रक्त गोठलं असतं, तर सिस्टरने लस लगेच टोचली नसती, अण्णांवर लक्ष ठेवलं असतं. कारण ही लस घोड्यांना विषाचे थोडे थोडे डोस देऊन, त्यांच्या रक्तद्रवापासून बनवतात आणि ती काहींच्या अंगावर उलटते, त्यामुळे उगाच द्यायची नसते. सहा तासांनी नळी पुन्हा लावतात, हेही खरं. पण ती लस पुरली का हे बघायला, मनासारखं उत्तर येईस्तोवर नव्हे.

तुम्ही वर्गात वैज्ञानिक दृष्टिकोनाची व्याख्या फळ्यावर लिहून देत असाल. माझी व्याख्या प्रयोगशाळेतल्या त्या टेबलावर तयार झाली : उत्तर नकोसं असलं तरी त्याप्रमाणे वागायचं.

आता तुमच्या यजमानांचं 'दोन्ही खरं आहे'. हे वाक्य घरात शांतता ठेवतं आणि त्याची किंमत मला कळते. शिकलेल्या लोकांत याची जरा इस्त्री केलेली आवृत्तीही फिरते : 'कसं' ते विज्ञान सांगतं, 'का' ते धर्म सांगतो, दोघांची शेतं वेगळी, मध्ये गडगा. मला ही वाटणी पटत नाही. तुमच्या देवळात त्या दिवशी 'का' विचारलं नव्हतं. 'अण्णा वाचतील का' हे विचारलं होतं. हा प्रश्न रक्ताचा आणि मूत्रपिंडाचा आहे. तो विज्ञानाच्या शेतात येतो आणि तिथे तपासला जातो. दुसऱ्यांनी केलेल्या प्रार्थनेने रुग्ण बरे होतात का, हेही तपासून झालंय. 2006 साली अमेरिकेत हृदयाची बायपास झालेल्या 1802 रुग्णांवरचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात प्रार्थनेने फरक पडलेला दिसला नाही. उलट 'तुमच्यासाठी नक्की प्रार्थना होणार आहे' असं ज्यांना आधी सांगितलं होतं, त्यांच्यात गुंतागुंत थोडी जास्तच निघाली. हे सासूबाईंना सांगायला जाऊ नका. हे तुमच्यासाठी आहे.

आणि 'अण्णा वाचले, म्हणजे कौल खरा ठरला' याचं काय? इथे मी तुमच्या सासूबाईंना एक गोष्ट विचारली असती, चहा पिता पिता, भांडायला नव्हे : उजवा कौल मिळूनही गेलेली माणसं तुमच्या आठवणीत किती आहेत? सहसा एकही नसतं. अशी माणसं नव्हती म्हणून नव्हे, त्यांची गोष्ट कुणी सांगत नाही म्हणून. साप चावलेला प्रत्येक माणूस उपचार न करताही मरतोच असं नाही. कधी विष कमी गेलेलं असतं, कधी दात नीट रुतलेला नसतो, कधी चावलेला साप बिनविषारीच असतो. म्हणून मांत्रिकाकडे बरे झालेले लोक खरोखरच असतात. ते खोटं बोलत नाहीत. फक्त हिशेबाच्या वहीत जमेचीच बाजू आहे.

दुसरी बाजू लिहायला कुणीतरी बसावं लागतं. आपल्याच कोकणात असा एक माणूस बसला. डॉ. हिम्मतराव बावस्कर 1976 च्या सुमारास महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आले तेव्हा लाल विंचवाच्या दंशाने तरणी माणसं आणि मुलं दगावत होती. बहुतेक विंचूदंश रात्रभर ठणकून उतरतात, त्यामुळे विंचू उतरवणाऱ्याचा मंत्र बऱ्याचदा 'लागू' पडणारच. बावस्करांनी उरलेल्यांकडे पाहिलं. रात्र रात्र खाटेशेजारी बसून नाडी, रक्तदाब, घाम, फुप्फुसात भरणारं पाणी, सगळं टिपलं, आणि पुढे रक्तदाबावरचं प्रॅझोसिन नावाचं साधं, स्वस्त औषध वापरून पाहिलं. लक्षणं गंभीर झालेल्या रुग्णांत पूर्वी साधारण तिसरा-चौथा जात असे. ते प्रमाण शेकड्याला दोन-चारावर आलं. मला विचाराल तर कोकणात घडलेला चमत्कार हा, आणि त्याची सुरुवात मेलेल्यांची नोंद ठेवण्यापासून झाली.

श्रद्धावंतांना अशी तपासणी परकी आहे, असंही नाही हं. फ्रान्समध्ये लूर्द नावाचं तीर्थ आहे. तिथल्या पाण्याने बरे झाल्याचे दावे तपासायला 1883 पासून डॉक्टरांचं कार्यालय आहे, आणि हजारो दाव्यांपैकी चर्चने चमत्कार म्हणून मान्य केलेत ते सत्तरच्या आसपास. म्हणजे श्रद्धेच्या पोटातच एक चाळण आहे. आपल्याकडे ती गावच्या गुरवाच्या हातात असते, आणि त्याबद्दल पुढे बोलते.

माझं माहेर राजापूरकडचं. उन्हाळे गावची गंगा 'आली' की आमची आजी सगळी कामं टाकून निघायची. चौदा कुंडांत डबकाभर पाणी नसायचं तिथे एके दिवशी पाणी उसळायचं, काही आठवडे राहायचं आणि जसं आलं तसं जायचं. साधारण तीन वर्षांनी, पण अलीकडे तिचंही वेळापत्रक बिघडलंय. आजीच्या देवघरात वसुदेवाचा पेला होता. तुम्ही पाहिला असेल : पितळी पेल्यात मधोमध वसुदेव, डोक्यावर टोपली, टोपलीत बाळकृष्ण. पाणी ओतत जायचं. यमुना चढते, वसुदेवाच्या गुडघ्याला, छातीला, गळ्याला लागते. बाळकृष्णाच्या अंगठ्याला टेकली की भळकन सगळी ओसरते, पेला रिकामा. आम्ही पोरं दिवसभर तेच करायचो. एकदा मोठ्या भावाने पेला उलटा करून खालचं भोक शोधलं आणि आत वाकवलेली नळी आहे हे जाहीर केलं. आम्हाला वाटलं, आजी आता रागावणार. ती म्हणाली, "नळी आहेच. तांबटाने घातली म्हणून तर पाणी उतरतं. उद्या ती चोंदली तर कळायला नको?"

भूगर्भाचे अभ्यासक राजापूरच्या गंगेचं स्पष्टीकरण याच नळीने देतात. खडकाच्या पोटातली पोकळी पावसाच्या मुरलेल्या पाण्याने भरत राहते, वाकडी वाट असते, पाणी त्या बाकापर्यंत चढलं की वक्रनलिकेसारखं सगळं ओढून बाहेर येतं. तुमच्या पुस्तकात असेलच. आजीने हे ऐकलं असतं तरी ती गंगेला गेलीच असती, आणि तिच्या जाण्यात मला ढोंग दिसलं नसतं. पण एक सांगते. अर्जुना नदीला पूर आला की हीच आजी सगळ्यात आधी पोरांना घेऊन उंचावर जायची. पाणी अंगठ्याला लागलं की ओसरेल, या भरवशावर ती कधी काठाशी उभी राहिली नाही.

म्हणून तुमच्या 'ढोंगी' या शब्दाशी माझं जमत नाही. वॉर्डाबाहेर हात जोडले गेले, म्हणजे तुम्ही तिथे एखादा सिद्धांत मान्य केलात असं नव्हे. आपलं माणूस आत, करण्यासारखं काही उरलेलं नाही, अशा वेळी हात कुठेतरी जातात. कुणाचे पदराच्या टोकाकडे, कुणाचे तंबाखूच्या डबीकडे, तुमचे एकमेकांकडे गेले. त्या क्षणी तुम्ही लस थांबवा म्हणाला नाहीत. इस्रोची मंडळी उड्डाणाआधी रॉकेटची छोटी प्रतिकृती घेऊन तिरुपतीला जातात, त्यावर दरवेळी टीका होते. मलाही ते फारसं रुचत नाही. पण दर्शन झालं म्हणून उलटगणतीतली एखादी तपासणी वगळतात असं काही नाही. ढोंग हा शब्द मी त्या माणसासाठी राखून ठेवते, जो लोकांना अंगारा देतो आणि स्वतःच्या छातीत कळ आली की गाडी काढून कोल्हापूर गाठतो.

तर ओटी. तीन वाटा दिसतात. एक, नाही म्हणायचं. तो तुमचा हक्क आहे. नवस तुम्ही बोलला नव्हता, आणि दुसऱ्याच्या वतीने सुनेचे हात गहाण टाकायची आपली रीत मला तरी खटकते. पण नाही म्हणालात तर घरातलं पुढचं वर्षभराचं बोलणं ओटीभोवती फिरेल आणि पाऊण तासाबद्दल कुणी तुमचं ऐकणार नाही. दोन, मुकाट्याने भरायची आणि आतल्या आत कुढायचं. ही सगळ्यात वाईट, कारण एकदा अशी भरली की दरवर्षी भरावी लागते. तीन, जायचं, सासूबाईंसाठी जायचं, आणि त्यांना सांगून जायचं : "आई, त्या रात्री तुम्ही भ्यायला होतात. तुमचा शब्द मी पाळते. पण अण्णांना वाचवलं ते लशीने, असं मी मानते, आणि पुढच्या वेळी थांबायचं नाही." मी तिसरी घेईन. तुमचं मन तिच्याविरुद्ध बंड करून उठलं तर पहिली घ्या, दुसरी मात्र नको.

आणि श्रेयावर भांडू नका. 'देवानेच डॉक्टरला बुद्धी दिली' हे वाक्य कुठल्याच नळीत घालून तपासता येत नाही. त्याच्याशी झुंजणं म्हणजे धुक्याला काठी मारणं. उलट तेच वाक्य हातात घ्या. देव जर डॉक्टरच्या हाताने राखत असेल, तर डॉक्टरकडे जायला उशीर म्हणजे देवाकडेच जायला उशीर, नाही का? तुमचे यजमान हे आईला सांगू शकतील. तुम्ही सांगितलंत तर ते 'सुनेचं विज्ञान' होईल. मुलाने सांगितलं की तोच मुद्दा शहाणपणाचा ठरतो. अन्यायच आहे, पण वापरा.

खरी किल्ली मात्र गुरवाकडे आहे. कौल हा नुसता देवाचा होकार नसतो. चार माणसं जमतात, 'व्हय म्हाराजा' म्हणतात, घाबरलेल्या घराचं ओझं गाव वाटून घेतं. हे कुठल्याही कॅज्युअल्टीत मिळत नाही, आणि म्हणूनच लोक आधी तिकडे वळतात. ते मोडायची गरज नाही. फक्त पाळी बदला. आमच्या रुग्णालयाजवळच्या वाडीतल्या एका गुरवाने आपणहून ठरवून टाकलं होतं. साप-विंचवाचं कुणी आलं की तो आधी विचारायचा, "गाडी खंय हा?" गाडी निघाल्याशिवाय तो गाऱ्हाण्याला उभाच राहायचा नाही. माणूस रस्त्यावर, गाऱ्हाणं देवळात, दोन्ही एकाच वेळी. तुमच्या गावातल्या मानकऱ्यांशी, जत्रेच्या बैठकीत, घरातल्या एखाद्या वडीलधाऱ्याने हा विषय काढावा. कायद्याचा धाक शेवटी ठेवा, पण माहीत असू द्या : महाराष्ट्राच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यात साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला वैद्यकीय उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणं हा गुन्हा आहे. सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद. पूजा, यात्रा, कीर्तन, होऊन गेलेल्या संतांचे चमत्कार सांगणं, यांना त्याच कायद्याने हात लावलेला नाही. लोकांना हे दुसरं वाक्य आधी सांगा. निम्मा विरोध तिथेच विरघळतो.

बाकीचं भराभर सांगते, कारण हे पत्र वाचणाऱ्या कितीतरी घरांत गडगे आहेत आणि काजूच्या पाचोळ्यात उघडे पाय आहेत. चावल्याबरोबर अंगठी, बांगड्या, घड्याळ काढा, मागाहून सूज आली की ते कापून काढावं लागतं. हात किंवा पाय मोडलाय असं समजून फळकुट लावून स्थिर ठेवा. करकचून दोरी बांधू नका, चिरू नका, चोखू नका. साप पकडायच्या फंदात पडू नका, नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर लस एकच आहे. चावल्याची वेळ लिहून ठेवा. 108 ला फोन लावा, पण रिक्षा दारात असेल तर रुग्णवाहिकेसाठी थांबू नका. आणि आजच, काही झालेलं नसताना, जवळच्या आरोग्य केंद्रात जाऊन विचारून या की लस आहे का, नसेल तर सगळ्यात जवळ कुठे. हे विचारायला विज्ञानाची पदवी लागत नाही.

राहिली तुमची नववीतली मुलगी. तिचा प्रश्न मला तुमच्या पत्रातला सगळ्यात सरळ प्रश्न वाटला, तिला सरळ उत्तर द्या. "हो, सासूबाईंनी बोललेला नवस मी फेडणार आहे, आणि अण्णा लशीने वाचले असं मला वाटतं." मग तिला विचारू द्या की हे दोन्ही एकत्र कसं बसतं. तुम्हालाही नीट सांगता आलं नाही तर तसं सांगा, बाईंना सगळं यावं लागत नाही. आणि जमलं तर वर्गात वसुदेवाचा पेला करा : प्लास्टिकचा पारदर्शक ग्लास, वाकणारा स्ट्रॉ, बुडाला भोक, त्यातून स्ट्रॉ, भोवतालची फट मेणाने बंद. मुलांना आधी गोष्ट सांगा, मग पाणी ओता, मग नळी दाखवा. क्रम हाच ठेवा. आमच्या भावाने उलटा केला होता, त्यामुळे धाकट्या बहिणीला गोष्ट कधी कळलीच नाही.

जत्रेला जाताना बॅटरी घ्या आणि पायात बूट घाला. दशावतार संपेपर्यंत उजाडतं, पण ओटीची रांग रात्रीच लागते, आणि देवळामागची पायवाट चिऱ्यांमधूनच जात असणार.